शंखवासी खेंकड्याचें घर

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा नदीच्या खोऱ्यांतून चढत चढत वरंधा घाटाच्या माथ्याकडे जातो. या वाटेवर, नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाशेजारीं, हिर्डोशी हें गांव लागतें. जुन्या हिरडस मावळाचा हा मुलूख. १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थानांत मोडणारा. चहूंकडे सह्याद्रीचे डोंगर, समुद्राचा वाराही येथें पोंचत नाहीं. तरीही दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटींत समुद्राचे कितीतरी जीव या गांवावरून पुण्याकडे जात असतात. श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे चार दिवस काढून महाडमार्गें घाट चढून येणाऱ्या मंडळींच्या सामानांत मुलांनीं वेंचलेल्या शंखशिंपल्यांची पिशवी असते. आणि त्या पिशवींतले सगळेच शंख रिकामे असतात असें नाहीं.

घाटाचीं वळणें संपलीं कीं गाडी थांबते, मंडळी पाय मोकळे करूं लागतात, आणि कोणीतरी मूल पिशवी उघडून पाहतें. आंत एखाद्या शंखाच्या बाहेर एक विचित्र प्राणी येऊन पडलेला असतो. पुढून पाहावें तर खेंकडा, मागून पाहावें तर मऊ, वांकडी अळी. "बाबा, हा घरांतून बाहेर कां आला? याला दुसरें घर देऊं या का?" असा प्रश्न मग ठरलेलाच. प्रश्न मुलाचा असला तरी त्याचें उत्तर सोपें नाहीं. या प्राण्याला कोणत्या मापाचें घर लागतें, तें कोणीं निवडावयाचें, आणि तें त्याला पुण्यांतल्या घरीं खरोखर देतां येईल का, हे तीन प्रश्न त्या एका प्रश्नांत गुंतलेले आहेत.

खुद्द हिर्डोशीच्या भातखाचरांत आणि ओढ्यांत जो खेंकडा पहिल्या पावसाबरोबर बिळाबाहेर पडतो, त्याला घराची ही विवंचना नसते. सह्याद्रींत सर्वत्र आढळणाऱ्या बॅरिटेल्फुसा वंशाचा हा गोड्या पाण्यांतला खेंकडा. त्याची ढाल त्याच्याच अंगांतून उपजलेली. अंग वाढलें कीं तो जुनी ढाल टाकतो आणि नवी धारण करतो. आपलें पोट तो चापट करून छातीखालीं दुमडून ठेवतो, त्यामुळें शत्रूला कोंवळी जागा म्हणून सांपडत नाहीं. मादी अंडीं त्याच दुमडलेल्या पोटाखालीं बाळगते, आणि अंड्यांतून निघतात तीं थेट खेंकड्याच्याच आकाराचीं चिमुकलीं पिल्लें. समुद्राशीं त्याचें कांहींही देणेंघेणें नाहीं.

किनाऱ्यावरील शंखवासी खेंकडा या दोन्ही बाबतींत परस्वाधीन आहे. त्याच्या नांग्या, पाय आणि छाती कठीण कवचाची. पोट मात्र नुसत्या पातळ कातडीचें, लांबट आणि एका बाजूला पीळ पडलेलें. हें पोट झांकावयास त्याच्यापाशीं स्वतःचें कांहीं नाहीं. म्हणून मेलेल्या गोगलगाईचा शंख तो शोधतो, उलटें पाऊल टाकून त्यांत शिरतो, शेपटीकडच्या दोन आंकड्यांनीं शंखाच्या मधल्या खांबाला घट्ट मिठी मारतो, आणि मग तें घर पाठीवर घेऊन जन्मभर हिंडतो. शरीर वाढतें, शंख वाढत नाहीं. म्हणून घर पुन्हां पुन्हां बदलावें लागतें. ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेंही आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत नोंदून ठेवली आहे. या खेंकड्याचीं पिल्लें अंड्यांतून निघतात तीं समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रूपानें, आणि कित्येक अवस्थांतून गेल्यावर त्यांना पहिला इवलासा शंख शोधावा लागतो.

युरोपीय लोकांनीं या प्राण्याला संन्यासी ठरविलें. त्याच्या एका वंशाचें शास्त्रीय नांव डायोजिनीस. पिंपांत राहणाऱ्या त्या विख्यात ग्रीक विरक्ताचें. जमिनीवर राहणाऱ्या दुसऱ्या वंशाला सीनोबिटा, म्हणजे मठांत राहणारा, असें म्हणतात. वास्तविक घरासाठीं इतका जीव टाकणारा संन्यासी आपल्याकडे तरी कोणी पाहिला नसेल! कोंकणच्या वाळूंत आणि खडकांवर जे शंखवासी खेंकडे दिसतात ते बव्हंशीं या डायोजिनीस आणि क्लिबॅनॅरियस वंशांतील होत. ते भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत राहतात, कल्ल्यांनीं श्वास घेतात, आणि खाऱ्या पाण्यावांचून फार वेळ तग धरीत नाहींत. पिशवींतला खेंकडा शंख सोडून बाहेर कां आला, याचें उत्तर येथेंच आहे. उष्णता वाढली, पाणी शिळें झालें, श्वास कोंडला, कीं हा प्राणी आपलें सर्वांत मोलाचें धन टाकून देतो. शंखाबाहेर आलेला खेंकडा हा बहुधा घर बदलणारा नसतो. तो संकटांत असतो.

आतां मापाविषयीं. शंख लहान पडला तर अंग पुरतें आंत ओढतां येत नाहीं. पक्षी, मासे आणि मोठे खेंकडे यांना धरावयास कांहीं ना कांहीं बाहेर राहतें. ओहोटीच्या वेळीं उन्हांत अंग लवकर सुकतें. अरुंद शंखांत राहणाऱ्या खेंकड्याची वाढ खुंटते, आणि मादीला अंडीं बाळगावयास जागा अपुरी पडल्यामुळें अंड्यांची संख्याही घटते. उलट, घर मोठें तितकें चांगलें असेंही नाहीं. मोठा शंख जड. तो ओढण्यांत शक्ति खर्च होते, चढउतार करतां येत नाहीं, आणि दार मोठें राहिल्यामुळें शत्रूची नांगी आंत शिरते. दार हा शब्द येथें अलंकारानें वापरलेला नाहीं. बऱ्याच जातींत एक नांगी दुसरीहून मोठी असते, आणि खेंकडा आंत ओढला गेला कीं ही मोठी नांगी शंखाच्या तोंडावर झांकणासारखी बसते. शंख मापाचा आहे कीं नाहीं हें ओळखण्याची खरी खूण तीच. नांगी तोंडाच्या कांठाशीं जुळून बसली तर घर बरोबर. कांठाबाहेर अडून राहिली तर तोकडें. आणि आंत कोठें दिसेनाशीच झाली तर अवाढव्य.

मापाइतकीच पिळाची गोष्ट महत्त्वाची आहे. समुद्रांतले बहुसंख्य शंख एकाच दिशेनें वळलेले असतात, आणि या खेंकड्याच्या पोटाचा पीळ त्याच वळणाला जुळणारा असतो. आपल्याकडे देवघरांत लक्ष्मीचें रूप म्हणून ठेवतात तो दक्षिणावर्ती शंख या नियमाला अपवाद, आणि म्हणूनच तो दुर्मिळ. ज्या शंखासाठीं भाविक लोक वाटेल तें मोल मोजतील, तो या खेंकड्याला आंखूड पायांच्या माणसाला दिलेल्या लांब विजारीसारखा गैरसोयीचा वाटेल.

नवा शंख मिळाला म्हणजे खेंकडा एकदम आंत शिरत नाहीं. आधीं तो नांग्यांनीं आणि पायांनीं शंखाच्या बाहेरील बाजूवरून चांचपणी करतो, मग नांगी तोंडांत खुपसून आंतील खोली अजमावतो, वाळू किंवा खडा अडकला असल्यास ओढून काढतो, शंख उलटसुलट करतो. येवढें झाल्यावर क्षणार्धांत पोट एका घरांतून काढून दुसऱ्यांत घालतो. पुष्कळदां जुन्या शंखावरचा हात मात्र सोडीत नाहीं. नवें पसंत पडलें नाहीं तर परत फिरतां यावें म्हणून. बेलफास्टचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट एलवुड यांनीं या निवडीचा अनेक वर्षें अभ्यास केला. त्यांच्या आणि मिर्जाम ॲपेल यांच्या २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शंखांत बसलेल्या खेंकड्यांना विजेचा सौम्य धक्का दिला असतां नावडत्या जातीच्या शंखांतले खेंकडे आवडत्या शंखांतल्यांपेक्षां अधिक सहज घर सोडून गेले. दुःख किती सोसावयाचें हें घराच्या मोलावर ठरविणाऱ्या या जीवाला केवळ यंत्र म्हणणें कठीण आहे.

रिकामा शंख न मिळाल्यास मारामारी होते. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील एका जातींत चढाई करणारा खेंकडा आपला शंख दुसऱ्याच्या शंखावर ठोकीत राहतो. ठोके जोराचे आणि चिवट असले तर आंतला कंटाळून बाहेर येतो आणि घरांची अदलाबदल होते. परंतु याहूनही मनोरंजक प्रकार शांततेनें चालतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आयव्हन चेस यांनीं १९८० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, एक मोठा शंख रिकामा झाला म्हणजे त्याचा लाभ एकाच खेंकड्याला होत नाहीं. त्यांत जो शिरतो त्याचें जुनें घर दुसऱ्याला, दुसऱ्याचें तिसऱ्याला, अशी साखळी चालू राहते. रँडी रोटजन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं वेस्ट इंडीजकडील जमिनीवरच्या खेंकड्यांविषयीं जें लिहिलें तें तर डोळ्यांपुढें उभें राहतें: एका मोठ्या शंखाभोंवतीं खेंकडे जमतात, आकारानुसार, मोठ्यामागें लहान असे, रांगेनें उभे राहतात, आणि पहिल्यानें घर बदललें कीं भराभर सगळे एकेक पायरी वर सरकतात. मुंबईंत खोली रिकामी झाल्याची वार्ता कानीं येतांच चाळींत जी हालचाल उडते ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. पागडी मात्र येथें कोणी मागत नाहीं.

हें सर्व ध्यानांत घेतलें म्हणजे पाळलेल्या खेंकड्याच्या घराविषयींचा मुख्य नियम आपोआप पुढें येतो: शंख माणसानें निवडावयाचा नसतो, निवड करतां येईल अशी सोय तेवढी माणसानें करावयाची असते. घरांत पाळले जातात ते बहुतेक सीनोबिटा वंशांतले जमिनीवरचे खेंकडे. आपल्या देशांत ते अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप यांसारख्या बेटांच्या किनाऱ्यांवर राहतात. ज्या घरीं असा खेंकडा आधींच येऊन राहिला आहे, तेथें पुढील व्यवस्था असावी. त्याच्या मोठ्या, म्हणजे डाव्या, नांगीची रुंदी पट्टीनें मोजावी. तीही खेंकडा कांचेला टेकून चढत असतां बाहेरून, त्याला न धरतां. नांगी १२ मिलिमीटर रुंद भरली, तर तोंड १२ पासून १८ मिलिमीटरपर्यंत असलेले तीनचार शंख जवळ ठेवावे. सगळे एकाच मापाचे ठेवूं नयेत. सध्यां वापरांत असलेल्या मापाचाही एखादा असावा, कारण कधीं कधीं त्याला मोठें घर नको असतें, दुसरें हवें असतें. खेंकडे दोन असतील तर शंख दुप्पट ठेवावे. एरवीं घराचें भांडण जिवावर बेततें.

आकाराच्या बाबतींत जातीजातींची आवड निराळी असते. पुष्कळांना टर्बो नांवाचा, भोंवऱ्यासारखा फुगीर आणि वाटोळ्या तोंडाचा शंख मानवतो. कांहींना नॅटिका किंवा नेरिटा यांच्यासारखा अर्धवाटोळ्या तोंडाचा अधिक आवडतो. लांब, चिंचोळ्या तोंडाचे शंख दिसावयास कितीही सुंदर असले तरी उपयोगाचे नाहींत. कवडी तर नाहींच. शंखाला भोंक किंवा तडा नसावा, कारण जमिनीवरचा खेंकडा शंखांत थोडें पाणी सांठवून त्यावर आपले कल्ले ओले ठेवतो. गळक्या शंखांत तो हळूहळू गुदमरतो. शंख कांहीं मिनिटें पाण्यांत उकळून, आंतली घाण काढून, पूर्ण थंड करून मगच आंत ठेवावा. बाजारांत लाल-निळ्या रंगांनीं रंगविलेले शंख विकावयास येतात. ते मुलांच्या कपाटांत शोभतील, खेंकड्याला देऊं नयेत. रंगाचे पापुद्रे तो खातो. मोठे, दुर्मिळ शंख विकत घेण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट पाहावी: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींत २००१ सालीं समुद्रांतल्या अनेक शंखांची भर पडली आहे आणि त्यांचा व्यापार निषिद्ध आहे.

आणि एक गोष्ट कधींही करूं नये. खेंकड्याचा शंख लहान झाला आहे असें वाटून त्याला ओढून बाहेर काढूं नये. त्याची पकड अशी असते कीं तो फाटेल, पण सुटणार नाहीं. कात टाकावयाच्या वेळीं तो ओल्या वाळूंत स्वतःला पुरून घेतो आणि आठवड्यामागून आठवडे दिसत नाहीं. तेव्हां मेला असें समजून उकरणाऱ्या हौशी माणसांनीं किती खेंकडे मारले असतील त्याची गणती नाहीं. वाळू त्याला पुरतें बुडतां येईल इतकी खोल असावी, हवा दमट असावी, गोडें आणि खारें अशीं दोन पाण्याचीं भांडीं असावीं, आणि नळाच्या पाण्यांतला क्लोरीन आधीं काढून टाकलेला असावा. इतकी निगा राखली तर हा प्राणी पुष्कळ वर्षें जगतो. रानांत त्याचें आयुष्य तीस वर्षांपर्यंत जातें. घरांतले बहुतेक खेंकडे मात्र वर्ष-दोन वर्षांपलीकडे जात नाहींत. बंदिस्त जागेंत त्यांची पैदास जवळ जवळ होत नाहीं, कारण पिल्लांना समुद्र लागतो. अर्थात् दुकानांतल्या कांचेच्या पेटींतला जवळ जवळ प्रत्येक खेंकडा कोणत्या ना कोणत्या किनाऱ्यावरून उचललेला असतो. येवढें कळल्यावर नवा खेंकडा विकत आणण्याची हौस कोणाला राहिली, तर ती हौस तपासून पाहण्यासारखी आहे.

हिर्डोशीच्या थांब्यावरील त्या कोंकणी खेंकड्याला तर ही सगळी व्यवस्थाही वांचवूं शकत नाहीं. तो जमिनीवरचा नव्हे. त्याला ताजें समुद्राचें पाणी, त्यांत खेळती हवा आणि स्थिर उष्णमान लागतें. तें पुण्यांतल्या पितळी घंगाळांत किंवा मिठाच्या पाण्याच्या बरणींत मिळत नाहीं. स्वयंपाकघरांतलें मीठ पाण्यांत ढवळलें म्हणजे समुद्र होत नाहीं. घाटाच्या माथ्यावरून त्याला परत नेणें कोणालाच शक्य नसतें, आणि खालीं नीरेच्या गोड्या पाण्यांत सोडणें म्हणजे त्याचा शेवट लवकर करणें होय.

शिवाय तोटा एकाच खेंकड्याचा होत नाहीं. किनाऱ्यावरचा रिकामा शंख आपल्या दृष्टीनें टाकाऊ असतो. वर सांगितलेल्या साखळीच्या दृष्टीनें तो एका सबंध रांगेची जागा असतो. तो पिशवींत गेला कीं रांग जेथल्या तेथें थांबते. जमिनीवरच्या खेंकड्यांच्या बाबतींत ही हानि अधिक खोल आहे. मार्क लेड्र यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, हे खेंकडे शंखाचा मधला खांब झिजवून, तोंड रुंद करून, आंतून तो मोठा आणि हलका करतात. असा कोरलेला शंख एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणजे तें केवळ गोगलगाईचें टाकलेलें घर नव्हे. कित्येक पिढ्यांनीं राहून सुधारलेला वाडा असतो.

शंख कमी पडले म्हणजे हे प्राणी काय करतात, तें पाहून कोणालाही संकोच वाटेल. २०२४ सालीं कांहीं पोलिश संशोधकांनीं जगभरच्या लोकांनीं प्रसिद्ध केलेलीं छायाचित्रें तपासलीं, तेव्हां शंखाऐवजीं बाटलीचें बूच, डब्याचें झांकण, दिव्याचें तुटलेलें टोक असल्या वस्तु पाठीवर वाहणारे ३८६ खेंकडे त्यांना आढळले. जमिनीवरच्या १६ जातींपैकीं १० जातींत हा प्रकार दिसला. त्याआधीं २०२० सालीं हिंदी महासागरांतल्या कोकोस बेटांवरील आणि पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावरील मोजणींत, किनाऱ्यावर पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत आणि डब्यांत अडकून वर्षाला सुमारें ५,७०,००० खेंकडे मरत असावे असा अंदाज निघाला. बाटलींत शिरलेल्याला गुळगुळीत भिंतीमुळें बाहेर पडतां येत नाहीं. तो मेला कीं त्याच्या वासानें, येथें घर रिकामें झालें असें समजून, दुसरे आंत येतात.

म्हणून वेंचलेल्या शंखांची परीक्षा घाट चढण्यापूर्वींच, किनाऱ्यावरच व्हावयास हवी. ती अगदीं सोपी आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं सगळे शंख एका पसरट थाळींत घालून त्यांवर समुद्राचें ताजें पाणी ओतावें, थाळी सावलींत ठेवावी, आणि अर्धा तास कोणीं हलवूं नये. मुलांना तेवढा वेळ गप्प बसविणें हेंच काय तें अवघड काम. आंत कोणी असेल तर प्रथम दोन बारीक मिशा बाहेर येतात, मग देंठावरचे डोळे, मग एकेक पाय. ज्या शंखांना पाय फुटतील ते, सांपडले होते त्याच खडकांपाशीं, ओहोटीच्या पाण्यांत नेऊन ठेवावे. राहिलेल्या रिकाम्या शंखांतून मुलांनीं आपल्या पसंतीचा एखादा घ्यावा; वाटोळ्या तोंडाचे आणि धड असलेले बाकीचे त्याच पाण्यांत ठेवून यावे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओहोटी असेल तर तेथें पुन्हां जाऊन पाहावें. त्यांतले कांहीं शंख जागचे हललेले असतील, आणि त्यांच्याजवळ थोडे लहान असे दुसरे शंख रिकामे पडलेले असतील.